भिंतीच्या अर्जावर माझीही सही होती



रुळालगतच्या वस्त्यांचा प्रश्न आपल्याकडे येतो तो बहुतेक वेळा बुलडोझर आल्यावर. नोटीस लागते, बाया धावत संघटनेच्या खोलीवर येतात, मग मोर्चा, निवेदन, स्थगितीसाठी कोर्ट. हे सगळं करायलाच हवं. पण बुलडोझर येतो वर्षातून एखादा दिवस. उरलेले सगळे दिवस गाड्या जात असतात आणि बाया रूळ ओलांडत असतात. त्या दिवसांबद्दल आपण फारसं बोलत नाही, लिहीत तर नाहीच. मला आज त्या दिवसांबद्दल लिहायचं आहे, आणि त्यात माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दलही.

आमच्या मंडळाची खोली वागळे इस्टेटमधे आहे. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, त्याची ही पहिली वसाहत. मी इथे एका गाळ्यात पॅकिंगच्या कामाला लागले तेव्हा रस्त्यावर सकाळी डबे घेतलेल्या बायांची रांग असायची. पुढे कारखाने एकेक करून बंद पडले, त्या जागी काचेच्या इमारती आल्या. बायांचं काम मात्र गेलं नाही, नुसतं बदललं. पूर्वी जुळणीच्या टेबलावर बसणाऱ्या बायांच्या मुली आता त्याच आवारात काचा पुसतात, कँटीनमधे भाजी चिरतात, उरलेल्या गाळ्यांमधे खोकी भरतात. त्यांतल्या कितीतरी जणी कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली इथे राहतात, आणि बऱ्याच अगदी रुळाला लागून. तिथे का राहता, असं विचारणाऱ्यांनी एकदा वागळेतल्या खोलीचं भाडं आणि कंत्राटी बाईचा पगार शेजारी-शेजारी मांडून पाहावेत.

ज्या वस्तीबद्दल लिहिते आहे तिचं नाव देत नाही. कळव्याच्या पुढे, एवढंच पुरे. तिथल्या घरांचा निकाल अजून लागलेला नाही, आणि नाव छापून आलं की नोटीस आधी तिथेच लागते. वस्ती रुळांच्या एका अंगाला. शाळा, रेशनचं दुकान, दवाखाना, रिक्षा सगळं दुसऱ्या अंगाला. स्टेशनचा पादचारी पूल वस्तीपासून वीस मिनिटांवर, तेही मोकळ्या हातानं चाललं तर. तेव्हा पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत माणसं रुळावरून ये-जा करत. ठाण्याहून कल्याणला गाडी १८५४ साली सुरू झाली, म्हणजे रूळ आधीचे, हे कुणी नाकारत नाही. पण रूळ आधीचे असले तरी शाळा पलीकडे बांधायचं नंतरच कुणीतरी ठरवलं ना?

१८ फेब्रुवारी २०२२ ला ठाणे-दिवा पाचवी आणि सहावी लाइन सुरू झाली. लांब पल्ल्याच्या गाड्यांना वेगळी वाट मिळाली, लोकलचा खोळंबा कमी व्हायला मदत झाली. डोंबिवलीहून रोज लोंबकळत येणाऱ्या बायांनाही ते हवंच होतं. मात्र वस्तीतल्या बाईला आता चाराऐवजी सहा लाइन ओलांडायच्या होत्या, हे कुठल्याच कार्यक्रमात कुणी बोललं नाही.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या बचत गटाची खजिनदार गेली. कामावरून परतत होती. धीम्या लाइनवरून लोकल जाईपर्यंत थांबली, लोकल गेली तशी निघाली. जाणाऱ्या लोकलच्या आवाजात पलीकडच्या नव्या लाइनवरची गाडी तिला ऐकू आली नाही. चार लाइनींची पायाला सवय होती, सहाची व्हायची होती. पिशवीत गटाचं पासबुक होतं, ते पोलिसांकडून सोडवून आणायला मीच गेले. पंचनाम्यात लिहिलं होतं, मयत ही रेल्वे हद्दीत अनधिकृतपणे प्रवेश करून निष्काळजीपणे रूळ ओलांडत असताना. सासूनं मला ते वाचून दाखवायला लावलं आणि विचारलं, ‘निष्काळजी म्हणजे काय गं?’ घरातलं सगळ्यांचं करून, गटाचा हिशेब पै-पै जुळवणारी बाई. मी काय सांगणार होते? नुकसानभरपाईचं विचारलं तर कळलं की रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ खाली भरपाई आहे ती प्रवाशाला. रूळ ओलांडणारी बाई कायद्याच्या लेखी प्रवासी नाही. तिच्या नावानं आहे ते कलम १४७ : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड.

त्या आठवड्यात आम्ही बैठक घेतली. रडारड होती, संताप होता. कुणीतरी म्हणालं, भिंत घाला म्हणावं, मग कोणी मरणार नाही. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. अर्ज मी लिहिला, पहिली सही माझी, खाली शंभराच्या वर सह्या आणि अंगठे. आपले अर्ज सहसा कुठे पडून राहतात ते तुम्हाला माहीत आहे. हा मात्र हललाच. पुढच्या वर्षी भिंत झाली, उंच, सिमेंटची, वस्तीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आम्ही पेढे वाटले नाहीत एवढंच.

महिन्याभरात भिंतीला भगदाड पडलं.

कुणी पाडलं हे विचारायला मी गेले तेव्हा बाया माझ्याकडे बघून गप्प बसल्या. नंतर एका आजींनी खाली बसवून समजावलं. त्यांचं म्हणणं असं : भिंत नव्हती तेव्हा आम्ही कुठूनही ओलांडायचो, पण उघड्यावरून. दोन्हीकडे लांबवर दिसायचं. बाकीच्या बाया बरोबर असायच्या, घरातली माणसं दारातून बघायची. आता भोकातून वाकून बाहेर पडायचं, की समोर खडीच. ते भोक वळणापाशी आहे. का, तर तिथे भिंतीचा पाया कच्चा निघाला. आणि संध्याकाळी त्या भोकापाशी कोण बसतं, तुला माहीत आहे का?

मला माहीत नव्हतं. मुलींशी बोलल्यावर कळलं. वस्तीतली नव्हे, बाहेरची पोरं तिथे पत्ते कुटत, दारू पीत बसत. भोक एकच, आणि जेमतेम एक माणूस जाईल एवढं. मुलीला जायचं तर त्यांच्या मधूनच. अंगाला हात लागे, शेरे असत, ते आईला सांगायची सोय नव्हती, कारण सांगितलं की शाळा बंद. दोघींची झालीच. भगदाडातून न जाता सरळ मार्गानं जावं तर स्टेशनच्या पुलाची वीस मिनिटं, नाही तर गाड्यांसाठी बांधलेल्या उड्डाणपुलावरून वळसा. तिथे फुटपाथ नाही आणि अर्धे दिवे बंद. रात्री दहाला पाळी संपवून येणारी बाई तिथून एकटी जात नाही. ती भोकच पत्करते.

आता जरा हिशेब करू. लोकल ताशी शंभर किलोमीटर धावली तर सेकंदाला अठ्ठावीस मीटर. सहा लाइन, मधली खडी आणि जागा धरून पार करायला हातात ओझं असलेल्या बाईला अर्धा मिनिट लागतो. तेवढ्यात गाडी आठशे मीटर पुढे आलेली असते. भोकापासून वळण तीनशे पावलांवर. म्हणजे ती निघते तेव्हा तिला मारणारी गाडी दिसणं शक्यच नाही. हा हिशेब आम्ही भिंत होण्याआधी करायला हवा होता. खजिनदार असती तर तिनं केला असता.

डोंबिवलीला राहणाऱ्या एका निवृत्त मोटरमनकाकांना मी मुद्दाम भेटले. रेल्वेची माणसं म्हणजे निर्दय असं माझ्याही मनात होतं. त्यांनी सांगितलं की माणूस रुळावर दिसल्यावर ब्रेक लावूनही गाडी काही शे मीटर जातेच. हातात शिटीशिवाय काही उरत नाही. फाटकांच्या अलीकडे शिटी वाजवायची पाटी असते, पिवळ्या फळीवर ‘सी/फा’ लिहिलेली. भगदाडाच्या अलीकडे अशी पाटी नसते, कारण कागदावर भगदाड नसतं. नोकरीत किती जण गाडीखाली आले हे ते सांगत नाहीत. काकू आतून म्हणाल्या, ‘त्या रात्री हे जेवत नसत.’

आपण एकट्यानं हा घोळ घातला असंही नाही. २०१२ साली डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या रेल्वे सुरक्षा समितीनं सांगितलं की देशात दरवर्षी १५ हजारांच्या आसपास माणसं रूळ ओलांडताना मरतात आणि त्यांतली सुमारे ६ हजार एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर. समितीनं त्याला सरळ हत्याकांड म्हटलं. २०२४ मधे उच्च न्यायालयापुढे आलेला आकडा : वीस वर्षांत मुंबईच्या लोकल मार्गांवर ५१,८०२ मृत्यू, त्यांतले २९,३२१ मध्य रेल्वेवर. यात गाडीतून पडलेलेही आले. तरी दिवसाला सात माणसं होतात. आकडे कमी होत गेले आहेत हे खरं, आणि त्यात सरकते जिने, नवे पूल यांचा वाटा आहे. वडाळ्याला २०१० च्या सुमारास एक वेगळाच प्रयोग झाला होता : रुळांखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे येणाऱ्या गाडीचा वेग डोळ्याला कळतो. शिटी एकाऐवजी तुटक दोनदा वाजवायची. समोर येणाऱ्या गाडीला पाहून भेदरलेल्या माणसाच्या चेहऱ्याची मोठी चित्रं लावली. मृत्यू बरेच कमी झाले. स्वस्त आणि हुशारीचा उपाय, मला आवडला. पण माणूस गाडी का बघत नाही एवढाच प्रश्न त्यात होता. माणूस तिथून का जातो, हा नव्हता.

तो प्रश्न विचारला की उत्तरं फार साधी निघतात. आम्ही भिंतीनंतर वस्तीत घरोघर जाऊन विचारलं. पाणी, शाळा, रेशन, काम, आणि हलक्या आवाजात सांगितलेलं पाचवं कारण, संडास. वस्तीतलं सार्वजनिक शौचालय रात्री कुलूपबंद असतं आणि दिवसा पाण्याविना. पहाटे चारला बाया रुळाकडे जातात त्या ओलांडायला नव्हे. मोटरमनला, गाडीतल्या माणसांना त्या दिसतात. गाडीचा दिवा पडला की बाई उठून उभी राहते, गाडी गेली की पुन्हा बसते. यावर भिंत हा उपाय सुचणारं डोकं बाईचं नसणार असं मी पूर्वी म्हणाले असते. पण अर्ज माझ्या अक्षरात आहे.

गाडीतल्या बायांचं म्हणणंही ऐकायला हवं. लेडीज डब्यातून येता-जाता मी ते वर्षानुवर्षं ऐकते आहे : ‘काय घाण करून ठेवली आहे, पाडून टाका एकदा.’ कळवा-मुंब्र्याच्या पट्ट्यात गाडीवर दगड येतात, घाणीनं भरलेल्या पिशव्या येतात. आमच्याच ओळखीच्या, एका बँकेत नोकरी करणाऱ्या ताईंच्या भुवईवर टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला. त्यांना मी ‘वस्तीचे प्रश्न समजून घ्या’ हे कुठल्या तोंडानं सांगणार? आणि गाडीतल्यांचे हाल काय कमी आहेत? दिव्याचा २ जानेवारी २०१५ चा उद्रेक तुम्हाला आठवत असेल. गाड्या बंद पडल्या, लोक रुळावर उतरले, दगडफेक, जाळपोळ झाली, मोटरमनला मार बसला. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्र्याच्या मधल्या वळणावर दोन गाड्यांच्या दारात लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले, किमान चार जण गेले. डब्यात जागा नाही म्हणून दारात उभी असलेली माणसं आणि पलीकडे शाळा आहे म्हणून रुळावर उतरलेली माणसं. दोघांनाही रेल्वेच्या भाषेत एकच शब्द, निष्काळजी.

म्हणून गेल्या वर्षी आम्ही एक बैठक केली. लेडीज डब्यातल्या नऊ जणी आणि वस्तीतल्या पंधरा-सोळा जणी, आमच्या वागळेतल्या खोलीत, रविवारी दुपारी. पहिला तासभर भांडण झालं. टाके पडलेल्या ताई बोलल्या तेव्हा वस्तीतल्या बायांच्या माना खाली गेल्या. मग एक जण उठून म्हणाली, ‘माझाही पोरगा दगड मारायचा, मी त्याला फोडून काढलं, पण त्याला खेळायला जागा दाखवा. दारात रूळ, मागे नाला.’ डब्यातली एक जण संडासाबद्दल बोलली, ‘आम्हाला रोज ते बघावं लागतं.’ त्यावर मागून आवाज आला, ‘आणि आम्हाला रोज बसावं लागतं.’ यानंतर खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मी चहा ठेवायला गेले. परत आले तर ताई आपल्या फोनमधे वस्तीचा नकाशा काढून विचारत होत्या, घंटागाडी कुठपर्यंत येते, आणि बाया सांगत होत्या. घंटागाडी रुळाच्या पलीकडेच थांबते. अलीकडचा कचरा मग जातो कुठे, तर खडीवर.

त्या दिवशी फार मोठं काही घडलं नाही. कचरापेटी आणि शौचालयाच्या चावीसाठी महापालिकेला पत्र गेलं, त्यावर दोन्हीकडच्या बायांच्या सह्या होत्या. डब्यातल्या बायांची सही असली की उत्तर लवकर येतं हे कडू आहे, पण खरं आहे. शौचालय आता रात्री उघडं असतं. पाण्याचं अजून रखडलंय.

वाटेच्या प्रश्नावर मात्र पत्रानं भागणार नाही, म्हणून कायदा पाहिला. आपल्यातल्या वकील मैत्रिणींनी हे पुढे न्यावं म्हणून मुद्दाम लिहिते. १९८९ च्या रेल्वे कायद्यात कलम १६ आहे. रूळ टाकल्यामुळे लगतच्या जमिनीच्या वापरात अडथळा आला तर जमिनीचे मालक आणि वहिवाटदार यांच्यासाठी ओलांडायच्या वाटा, पूल, मोऱ्या करून देणं हे रेल्वे प्रशासनावर बंधनकारक आहे. त्यातली काय काय गरजेची, ते राज्य सरकारनं ठरवायचं. म्हणजे ज्यानं वाट तोडली त्यानं वाट द्यायची, हे तत्त्व कायद्याला मान्य आहे! मग आपण अनधिकृत कसे झालो? अडचण पुढच्या वाक्यात आहे. मार्ग वाहतुकीला खुला होऊन दहा वर्षं उलटली की नवी सोय रेल्वेच्या खर्चानं मागता येत नाही. आमच्या लाइनीची मुदत, गमतीनं म्हणायचं तर, १८६४ सालीच संपली. त्यानंतर कलम १७ खाली राज्य सरकार किंवा महापालिका सोय मागू शकतात, पण पैसे त्यांनी द्यायचे. म्हणूनच पालिकेत गेलं की रेल्वेकडे बोट, रेल्वेत गेलं की पालिकेकडे बोट. मला पडलेला प्रश्न असा : २०२२ साली नव्या दोन लाइन पडल्या, अडथळा वाढला. त्या लाइनींची दहा वर्षं नव्यानं मोजायची की नाही? मोजायची असतील तर आपल्या हातात २०३२ पर्यंत वेळ आहे. दुसरा प्रश्न, सात-बारा नसलेली पण तीस वर्षं राहणारी बाई वहिवाटदार धरायची की नाही? सर्वोच्च न्यायालयानं १६ डिसेंबर २०२१ ला सुरतच्या रुळालगतच्या वस्तीच्या खटल्यात झोपड्या हटवायला परवानगी दिली, आणि त्याच आदेशात कुटुंबाला सहा महिने दरमहा दोन हजार रुपये द्यायलाही सांगितलं. अतिक्रमण होऊ दिल्याबद्दल अधिकाऱ्यांनाही सुनावलं. त्यातला हटवायचा भाग लगेच आमच्याकडे पोचला. जानेवारी २०२२ मधे कळवा-मुंब्र्यापासून कल्याणपर्यंत नोटिसा लागल्या. बाकीचा भाग पोचायला वेळ लागतो आहे.

घरं हलवायचीच असतील तर ती कशी हलवावीत, याचाही अनुभव आपल्या जवळ आहे. १९८६ साली भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायांमधून उभं राहिलेलं महिला मिलन आणि रुळालगतच्या झोपडीवासीयांचं फेडरेशन यांनी मुंबईत कुर्ला-ठाण्याच्या वाढीव लाइनींच्या वेळी घरोघरची मोजणी स्वतः केली, रुळापासून तीस फूट सोडायचं म्हणजे कोणाचं घर जातं हे दोरी घेऊन स्वतः ठरवलं. फेब्रुवारी २००० मधे हार्बर लाइनवर रेल्वेनं हजारो झोपड्या पाडायला घेतल्या तेव्हा याच मोजणीच्या याद्या हाताशी होत्या. पुढच्या दीड-दोन वर्षांत दहा हजारांच्या वर कुटुंबं पोलिसांच्या लाठीशिवाय हलली आणि गाड्यांचा वेग वाढला. मी याला आदर्श म्हणणार नाही. सव्वादोनशे चौरस फुटांची घरं मिळाली, पण मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या दाटीत, आणि धुणीभांड्याची कामं मागे राहिली. घर मिळालं पण कामाची वाट तुटली, हे बाईच्या बाबतीत नेहमीचंच. कळवा-ऐरोली उन्नत मार्गासाठी हजाराच्या आसपास कुटुंबांचा प्रश्न लोंबकळतो आहे तो याच मुद्द्यावर, हलायला नव्हे, लांब हलायला विरोध आहे. पण मोजणी बायांनी केली म्हणून निदान कुणी यादीतून गळलं नाही. एवढं तरी आपण उचलू शकतो.

आम्ही तेच उचललं. भिंतीचा अर्ज लिहिताना जे केलं नव्हतं ते गेल्या उन्हाळ्यात केलं. आठ दिवस, पहाटे चारपासून रात्री अकरापर्यंत, दोघी-दोघींच्या पाळ्या लावून भगदाडापाशी बसलो आणि कोण, किती वाजता, काय घेऊन, कशासाठी जातं ते वहीत लिहिलं. पहिल्या दोन दिवसांतच पत्ते कुटणारी पोरं उठून गेली, हा आनुषंगिक लाभ. वहीत एक गोष्ट अशी निघाली जी आम्हाला कुणालाच सुचली नव्हती. सर्वांत जास्त ये-जा सकाळच्या गर्दीची नाही, दुपारी साडेबारा ते दीडची आहे. मुलाला शाळेत सोडणाऱ्या आणि दुसऱ्याला घेऊन येणाऱ्या बायांची. शाळेच्या दोन पाळ्या सांधणारी ती वेळ. म्हणजे शाळेच्या वेळा बदलल्या किंवा बालवाडी अलीकडे आली, तरी रोजचे कित्येक फेरे टळतील. यात रेल्वेचा एक पैसा नाही.

वाट कसली मागायची यावर अजून वाद चालू आहे. मला पूल हवा होता. बायांनी मला पायऱ्या मोजायला लावल्या. विजेच्या तारांच्या वरून जायचं म्हणजे साडेसहा मीटरच्या आसपास उंची, चाळीसच्या वर पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. उतार मागावा तर दोन्ही अंगांना ऐंशी-ऐंशी मीटर लांब, आणि तेवढी जागा म्हणजे कुणाची तरी घरं. भुयारी वाट केली तर पायऱ्या निम्म्या. पण पावसाळ्यात पाणी भरणार, आणि अंधार. तरुण मुली पूल म्हणतात, वर सगळ्यांना दिसतो म्हणून. गुडघे दुखणाऱ्या आजी भुयार म्हणतात. आजींनी तोड काढली आहे : भुयार असू दे, पण इतकं रुंद आणि सरळ की या तोंडाशी उभं राहिलं तर त्या तोंडाचं माणूस दिसलं पाहिजे, आणि तोंडाशी भाजीच्या दोन गाड्यांना परवानगी द्या, म्हणजे जाग राहील. इंजिनियर काय म्हणतील ते म्हणोत.

हे सगळं वागळेतल्या बायांना मी मुद्दाम सांगते, कारण रेल्वे आता आपल्याही दाराशी येते आहे. ठाणे आणि मुलुंडच्या मधे, मनोरुग्णालयाच्या जागेवर नवं स्टेशन व्हायचं आहे. २०२३ मधे उच्च न्यायालयानं जागेचा मार्ग मोकळा केला. वर्तुळाकार मेट्रोला ऑगस्ट २०२४ मधे केंद्राची मंजुरी मिळाली, तीही वागळेतून जाणार. ठाणे स्टेशनची गर्दी कमी होईल, किसननगरच्या बाईला टीएमटीची रांग लावावी लागणार नाही. मी याच्या बाजूची आहे. पण वाहनतळ कुठे, चौपदरी रस्ता कुठून, यावर बोलणारे पुष्कळ आहेत. हजुरीहून, रघुनाथनगरहून पायी येणारी बाई कुठून शिरणार आणि रात्री कुठून परतणार हे कुणी विचारलेलं मी ऐकलेलं नाही. भिंत उठल्यावर विचारून उपयोग नसतो, हे माझ्याकडून घ्या.

नव्या अर्जाचा मसुदा तयार आहे. या वेळी सही घेण्याआधी तो वस्तीत मोठ्यानं वाचून दाखवायचं ठरलं होतं, तसा वाचला. ‘सदर ठिकाणी पादचाऱ्यांसाठी सुरक्षित ओलांड मार्ग उपलब्ध करून देणेबाबत’ या ओळीपाशी खजिनदाराच्या सासूनं थांबवलं. म्हणाली, देणेबाबत काय, आमची होती ती तोडली, परत करा असं लिही. मी ती ओळ खोडली आहे. भगदाडापाशी बसायच्या पुढच्या पाळ्या पावसाळ्यातल्या आहेत, कारण पावसात वेळा बदलतात असं बाया म्हणतात. कुणाला यायचं असेल तर छत्री नको, रेनकोट आणा. छत्रीनं गाडी दिसत नाही.